दानियलचा भाऊ

५ फेब्रुवारी

दुपारी भिलाच्या टपरीवर चहा घेत होतो. रेल्वेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी खांडबाऱ्यात मी अजून तिकीट-खिडकीचा बाबूच आहे. भिला म्हणाला, "बाबू, हाऊ मुंबईना माणूस सकायपासून तुमले धुंडी ऱ्हायना."

माणूस चाळिशीचा. नाव योगेंद्र. सिनेमे काढतो म्हणाला. बाकावर माझ्या शेजारी बसून त्याने विचारलं, "दानियल गावित तुमचे कोण?"

हे नाव बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली ते आठवेना. "मोठा भाऊ," मी म्हणालो.

"नीलगंगा जहाजावर होते ना ते?"

"होता. जहाजाबरोबरच गेला. एकाहत्तरच्या लढाईत."

तो म्हणाला, जहाज सापडलंय. कोळ्यांची जाळी समुद्रात एकाच जागी अडकत होती, म्हणून पाणबुडे खाली उतरले, तर तळाशी नीलगंगा. तिच्यावर तो सिनेमा करतोय. थोडं खरं, थोडं नट घेऊन. मेलेल्यांची घरं शोधत फिरतोय.

"दानियल यांच्या पत्नी हयात आहेत असं कळलं."

"आहे. घरीच आहे."

"कुणाच्या घरी?"

"माझ्या. ती माझी बायको आहे."

त्याने ग्लास खाली ठेवला. मी समजावून सांगितलं. दानियल गेल्यावर काही काळाने पंच बसले, त्यांनी ठरवलं, पाळकांनी चर्चमध्ये लग्न लावलं. आमच्यात असं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तो हो हो म्हणाला. पण चेहरा चुकीच्या गाडीचं तिकीट हाती आलेल्या प्रवाशासारखा झाला होता.

उद्या घरी येणार आहे.

६ फेब्रुवारी

योगेंद्र आला तेव्हा मरियम अंगणात तूर पाखडत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण सुपात खडा राहू देत नाही. त्याने लॅपटॉप खाटेवर ठेवला. तिने सूप बाजूला केलं, हात झटकले आणि बसली.

आधी त्याने समुद्राच्या तळाचं चित्र दाखवलं. हिरवं, गढूळ पाणी. जहाज कुशीवर पडलेलं. सगळ्या अंगावर जाळी, थरावर थर, आणि जाळ्यांतून मासे ये-जा करताहेत. आमची नेसू नदी उन्हाळ्यात गुडघ्याएवढी असते, तिच्यातच पोहायला शिकलेला माणूस दानियल.

मरियम स्क्रीनच्या अगदी जवळ वाकली होती. म्हणाली, "जाळी कुणाची आहेत?"

"कोळ्यांची, काकू. अडकली की तोडून टाकतात."

"मोठं नुकसान होत असेल त्यांचं," ती म्हणाली. (घरी आम्ही मावचीच बोलतो. योगेंद्रसाठी ती मराठीत बोलली. इथे मी सगळं मराठीतच लिहितोय.)

मग योगेंद्र म्हणाला, आता जे दाखवतो ते नीट बघा. जुनी सरकारी बातम्यांची फिल्म त्याला मिळालीय. त्यात नीलगंगेचा डेक आहे, काही खलाशी डेक घासताहेत. त्यातला एक दानियल असावा असं त्याला वाटतं, पण खात्री करणारं कुणी उरलेलं नाही.

खलाशी घासत होते. एकाने मान वर केली, कॅमेऱ्याकडे बघून हसला, आणि लगेच हात तोंडावर नेला. दानियलचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. मोहाच्या झाडावरून पडला होता लहानपणी. हसला की हात तोंडावर जायचाच.

मी मरियमकडे पाहिलं. तिचाही हात तोंडावर गेला होता.

योगेंद्रने हळूच विचारलं, "काकू, हेच का?"

"नाही," मरियम म्हणाली.

"पुन्हा लावू?"

"नको. तो नाही." आणि तिने सूप पुढे ओढलं.

योगेंद्र माझ्याकडे बघत होता. मी लॅपटॉप मिटून त्याच्या हाती दिला. बिचारीचे डोळे अगदीच गेले आहेत.

९ फेब्रुवारी

चर्चहून आलो. मन लागत नाही.

ही फिल्म आम्ही आधी पाहिलेली आहे. योगेंद्रला ते सांगितलं नाही. दानियल गेल्याची तार आली त्याला तीनेक महिने झाले होते. होळीच्या आधीच्या बाजाराला खांडबाऱ्यात तंबूतला सिनेमा आला. तेव्हा मुख्य खेळाच्या आधी सरकारी बातम्या दाखवायचे, त्याही जुन्या. मरियम शेजारणींबरोबर गेली होती, आणि पडद्यावर दानियल हसला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तंबू नवापूरला गेला तर ती नवापूरला गेली. पुढे जिथे तंबू, तिथे ती. तिकीट मिळालं नाही तर कनातीबाहेर बसून राहायची. बातम्या संपल्या की उठायची, पुढचा सिनेमा कधी पाहिला नाही. लोक म्हणाले, डोकं फिरलं. आई मला पाठवायची, "जा, भाभीला घेऊन ये." मी जायचो, ती यायची, आणि चार दिवसांनी पुन्हा जायची.

बहात्तरला दुष्काळ होता. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे कमी आणि धूळ जास्त. तंबू तिथे होता म्हणजे ती तिथे, आणि तिला न्यायला मी. रीळ एव्हाना इतकं झिजलं होतं की सगळ्यांच्या तोंडावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. त्या खेळाला खलाशी आले, डेक आला, आणि एकदम दुसरीच बातमी सुरू झाली, कुठल्यातरी धरणाची. मशीनवाला म्हणाला, तुकडा तुटला, फेकून दिला, उरलेलं जोडलं. मरियम जरा वेळ बसून राहिली. मग मला म्हणाली, "चल."

वाटेत ती माझ्यामागून चालत आली, रडली नाही. त्यानंतर तिने आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. घरात टीव्ही आहे तो मी बघतो.

एवढी ओढ होती तिला. आणि आता तोच माणूस समोर आला तर डोळ्यांनी दगा द्यावा.

१४ फेब्रुवारी

योगेंद्रला फोन केला. तो दानियलच आहे, मी शपथेवर सांगतो, असं सांगितलं. तुटका दात सांगितला. तंबूची गोष्टही सांगितली.

खूप विचार करून हे केलं. मरियमने त्याला इतकी वर्षं मनात सांभाळलं आणि मला कधी जाणवू दिलं नाही. पंचांनी ठरवलं म्हणून ती माझ्याकडे आली. माझ्याबरोबर संसार केला, आमच्या लेकीला, रविनाला वाढवलं. मला पन्नास वर्षं मिळाली, त्याला नौदलाच्या दोन सुट्ट्या. एवढं तरी मी त्याला परत द्यावं.

योगेंद्र म्हणाला, "काका, एक विनंती. सिनेमात तुम्ही दानियलचे भाऊ एवढंच असाल. लग्नाचं आलं की लोकांचा गोंधळ होईल. खोटं तर काही नाही ना त्यात?"

खोटं काही नव्हतं. मी हो म्हणालो.

१५ फेब्रुवारी

मरियमला सांगितलं की योगेंद्र शूटिंगला येणार.

"तो नाही म्हटलं ना मी."

"मी सांगितलं त्याला. तोच आहे. तुला दिसलं नाही."

ती चुलीपुढे बसली होती. भाकर तव्यावर तशीच राहिली, करपायला लागली, मग तिने उलटली. "तू सांगितलंस," ती म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "तुला हवंय का हे?"

"दानियलसाठी..."

"तुला हवंय का, ते विचारलं."

मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग येऊ दे."

११ मार्च

शूटिंग संपलं. दोन दिवस अंगणात माणसंच माणसं. मरियमला ओट्यावर बसवून रेल्वेलाईनकडे बघायला सांगत होते. ती म्हणाली, "गाडीला अजून वेळ आहे, आत्तापासून काय बघू?" सगळे हसले, पण योगेंद्र हसला नाही.

माझा शर्ट मागे दोरीवर वाळत होता. एका मुलीने तो काढून आत नेला. चित्रात पुरुषाचा कपडा दिसायला नको म्हणे. मरियम उठली, शर्ट आणला आणि पुन्हा दोरीवर टाकला. मुलीने पुन्हा काढला. हिने पुन्हा टाकला. शेवटी मीच म्हणालो, "असू दे गं, आत ठेव, वाळला तो." तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओट्यावर जाऊन बसली. मग सांगितलं तसं लाईनकडे बघत राहिली. योगेंद्रला ते फार आवडलं.

शर्ट ओलाच होता, आज अंगाला वास येत होता.

२२ ऑगस्ट

मरियमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रविना व्याऱ्याला नर्स आहे, तिने सगळं केलं. पट्टी काढल्यावर मरियम माझ्याकडे बघून म्हणाली, "किती म्हातारा झालास तू." बरी आहे.

तिला आता सिनेमा नीट दिसेल.

७ डिसेंबर

मिशनच्या शाळेच्या हॉलमध्ये दुपारी सिनेमा दाखवला. रविना व्याऱ्याहून आली होती. सरपंच, पाळक, सगळी वस्ती. मरियमला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी मी.

दानियलचं काम एका गोऱ्यागोमट्या मुलाने केलंय. दात सगळे शाबूत. स्फोट झाल्यावर तो खालच्या मजल्यावर अडकतो, पाणी चढत जातं, तो लोखंडी नळीवर पान्याने ठोकत राहतो. बराच वेळ दाखवलंय ते. पाणी हनुवटीला आलं तरी ठोकतोय. मी डोळे मिटले, तरी आवाज येत होता. दानियल कसा गेला ते कुणालाच माहीत नाही. योगेंद्रने आपल्या मनाने रचलं. पण आता मी जेव्हा जेव्हा त्याला आठवेन तेव्हा तो नळीवर ठोकत असेल.

मग मी आलो पडद्यावर. दात तुटल्याची गोष्ट सांगताना. खाली अक्षरं आली, 'योसेफ गावित, दानियलचा भाऊ'. मग मरियम, ओट्यावर, लाईनकडे बघत. एक बाई भारदस्त आवाजात म्हणाली, मरियम आजही त्याची वाट पाहते आहे. आणि शेवटी तो खरा दानियल. मान वर करतो, हसतो, हात तोंडावर नेतो. तिथेच चित्र थांबतं.

हॉलमध्ये बायका रडत होत्या. टाळ्या झाल्या. मरियमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने मान वळवून मला विचारलं, "वाट पाहते असं तू सांगितलंस त्याला?"

"नाही. ते त्याचं."

"आणि भाऊ म्हणून लिहायचं, हे?"

"त्याने विचारलं होतं."

"तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

तेवढ्यात लोक तिच्या पाया पडायला आले.

९ डिसेंबर

दोन दिवस झाले, मरियम बोलत नाही. जेवताना ताट लांबून सरकवते आणि भिंतीकडे जाऊन उभी राहते. डोक्यावरून पदर घेते, पार कपाळापर्यंत. लग्नाआधी, मी दीर होतो तेव्हा घ्यायची तसा. यंदा थंडी जास्त आहे. रविनाला सांगून तिच्यासाठी शाल मागवली पाहिजे.

दुःख आहेच. सगळं पुन्हा वर आलं असेल. मी तिला त्रास देत नाही.

१२ डिसेंबर

ग्रामपंचायतीने घरावर पाटी लावली. पत्र्याची, निळी, पांढरी अक्षरं. 'वीर खलाशी दानियल गावित यांचे घर. वीरपत्नी मरियम दानियल गावित.' सरपंचांनी नारळ फोडला. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा दिला, वाटायला.

रेशनकार्डावर, आधारावर, बँकेत, सगळीकडे ती मरियम योसेफ गावित आहे. पण तसं बोलायची ती वेळ नव्हती. पाटीवर माझ्या भावाचं नाव होतं. इतक्या वर्षांत गावात कुणी त्याच्या नावाचा दगडसुद्धा लावला नव्हता.

मरियम आतून पाटी ठोकल्याचा आवाज ऐकत होती. बाहेर आली नाही.

भिला पेढा खात म्हणाला, "बाबू, पिक्चर भलता भारी शे. पन तुमनं लगीन व्हयेल शे, ते काबर नही दखाडं?"

मी म्हणालो, "वेळ कमी होता."

१६ डिसेंबर

लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

आज विजय दिवस. नवापूरला कार्यक्रम होता, गाडी न्यायला आली. मरियम तयार होऊन बसली होती, शेजारी कापडी पिशवी. मला वाटलं औषधं असतील. स्टेजवर तिला शाल, नारळ, सगळं झालं. तिने मान खाली घालून घेतलं. मला नातेवाइकांच्या रांगेत खुर्ची होती.

कार्यक्रम संपल्यावर ती ड्रायव्हरला म्हणाली, "मला स्टेशनला सोड." मी मागे मागे. फलाटावर बाकावर बसल्यावर तिने पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत तिची लुगडी होती.

"कुठे निघालीस?"

"रविनाकडे."

"का?"

"दिराच्या घरात विधवा बाईने एकटीने राहू नये. लोक नावं ठेवतात."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. मी म्हणालो, "मरियम, सिनेमा आहे तो. मी दानियलसाठी केलं. तुझ्यासाठी. तुझ्या मनात तो होता..."

"तुला कुणी सांगितलं माझ्या मनात काय होतं?"

"तंबूमागे तू..."

"वर्षभर गेले. सारंगखेड्याला संपलं. माझ्या हाताने संपवलं मी ते, योसेफ. तुझ्यामागून चालत आले तेव्हा." ती हळूच बोलत होती, फलाटावर माणसं होती. "त्या मुंबईवाल्याने दाखवला तेव्हा मी ओळखला त्याला. त्याने मान वर करायच्या आधीच ओळखला. डोळे काही इतके गेले नव्हते."

"मग नाही का म्हणालीस?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

गाडी दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "पंचांनी ठरवलं असं तू त्या माणसाला सांगितलंस ना? पंचांनी मला विचारलं होतं. आईबापाकडे जायचं की इथे राहायचं. मी म्हटलं, योसेफशी लावणार असाल तर राहते. तू तेव्हा उधन्याला नोकरीवर होतास. तुला कुणी सांगितलं नाही, मला वाटलं तुला कळलं असेल."

गाडी आली. तिची पिशवी मी चढवून दिली. तिने घेतली.

मला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

२० डिसेंबर

योगेंद्रला फोन केला. म्हणालो, तेवढं वाट पाहतेचं वाक्य काढा, आणि माझ्या नावाखाली नवरा लिहा. तो चांगला वागला, चिडला नाही. म्हणाला, "काका, सिनेमा आता मोबाईलवर आलाय. हजारो लोकांनी पाहिला. शेवटचं तेच वाक्य लोकांना लागलंय. आता बदलून काय होणार? आणि तुम्ही तर परवानगी दिली होती."

दिली होती.

२३ डिसेंबर

शिडी लावून पाटीपाशी चढलो. भिला खाली उभा होता, शिडी धरून. काढून टाकणार होतो. पण वरची ओळ दानियलची आहे. हात लावला आणि त्या नटाचा पान्याचा आवाज कानात आला. खाली उतरलो.

मग पेंटरला बोलावलं. वरची ओळ तशीच ठेव, खालची निळ्या रंगाने पुसून टाक म्हणालो. तो म्हणाला, तिथे काय लिहू? काही नको, म्हटलं. संध्याकाळी दोघे-तिघे येऊन बोलून गेले, म्हाताऱ्याला भावाच्या विधवेचा मान बघवत नाही म्हणून. भिला त्यांच्याशी भांडला. मी दार लावून घेतलं.

२५ डिसेंबर

नाताळ. चर्चला गेलो. सगळे विचारतात, मरियमबाई कुठे. गाणाऱ्यांची टोळी घरी आली तर त्यांना द्यायला घरात काही केलेलं नव्हतं. केळी दिली.

रविनाने फोनवर सांगितलं, आई नीट जेवत नाही, खोकला धरलाय. फोन दे तिला, म्हटलं. रविना म्हणाली, "ती नको म्हणतेय, बाबा."

२८ डिसेंबर

सकाळच्या गाडीने व्याऱ्याला गेलो. रविना ड्युटीवर होती. तिच्या चाळीच्या ओट्यावर मरियम आणि दोन शेजारणी उन्हात बसून पापडीच्या शेंगा सोलत होत्या. मरियम या बारा दिवसांत अर्धी झालीय. गळ्याची हाडं वर आलीत. तिने मला येताना पाहिलं, पण शेंगा सोलणं थांबवलं नाही.

मी पायरीखाली उभा राहिलो. एका शेजारणीने तिला गुजरातीत विचारलं, "मासी, आ भाई कोण छे?"

मरियम खोकली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मग दोघी शेजारणीही बघायला लागल्या.

मी म्हणालो, "हिचा नवरा."

आवाज मोठा निघाला असावा, शेजारच्या दारातून एक माणूस डोकावला. शेजारीण गोंधळली. मोबाईलवर तिनेही पाहिलं होतं. "पण पिक्चरमां तो एमना वर दरियामां..." नवरा तर समुद्रात बुडाला, असं तिला म्हणायचं होतं.

"तो पहिला," मरियम म्हणाली. "हा दुसरा."

शेजारीण माझ्याकडे बघून जरा सरकली. मी वर चढून बसलो. मरियमच्या डोक्यावरचा पदर तसाच होता. कपाळापर्यंत. पण तिने शेंगांचा ढीग हाताने दोन भागांत केला आणि एक माझ्यापुढे लोटला.

घरी येते असं ती म्हणाली नाही. मी विचारलं नाही. पाटीचंही सांगितलं नाही. पुष्कळ शेंगा किडक्या होत्या, त्या ती माझ्या हातातून काढून घेऊन बघत होती आणि फेकत होती. परतीची गाडी पाचची होती. तिचा भोंगा चाळीपर्यंत ऐकू आला.

आज रविनाकडेच आहे.